वारी कोणाच्या वाटणीला?

सज्जनहो, मुक्कामावर कीर्तन आटोपून पथाऱ्या पडल्या, की जुनी वारकरी मंडळी हल्ली एकच गाऱ्हाणे सांगतात. थोरला पुण्याला, धाकटा सुरतेला, गावात आम्ही दोघे. पूर्वी पंगतीला वीस पाने पडत होती, म्हणून एकाला वारीला निघता येत होते. आता घर मोडले. आमच्या मागे वारी कोण चालवणार?

गाऱ्हाणे खरे आहे. त्यामागची समजूत मात्र तपासून पाहावी अशी आहे. एकत्र कुटुंब होते म्हणून वारी होती, ते गेले की वारीही जाईल, अशी ती समजूत. आपल्या संतांची घरे कशी होती, हे एकदा नीट आठवले तर या चिंतेला उत्तर सापडते.

आरंभ माउलींपासून करू. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्या घराला वाळीत टाकले. पुढे आईवडिलांनी देहत्याग केला. मागे राहिली चार लेकरे. ना काका पाठीशी, ना मामा. थोरला भाऊ निवृत्ती हाच गुरू झाला. धाकटी मुक्ताई, पण ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले तेव्हा समजूत घालायला तीच उभी राहिली, आणि वयाने कितीतरी मोठ्या चांगदेवांनी तिलाच गुरू केले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, ती या अनाथ भावंडांच्या घरातून. ज्या ग्रंथावर संप्रदाय उभा आहे, तो भरल्या वाड्यातून आलेला नाही.

त्याच काळात पंढरीत नामदेवरायांचे घर मात्र गजबजलेले. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र, चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आणि दळण-कांडण करणारी, स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी जनाबाई. आपण ज्याला एकत्र कुटुंब म्हणून हळहळतो, ते हेच. पण गाथा उघडून पाहा. गोणाईची आणि राजाईची गाऱ्हाणी तिथेच सापडतात. मुलगा देवळात रमला, घरात दाणा नाही, कपडा नाही, हे त्या विठोबाला बोल लावून सांगतात. भरल्या घरातही सगळे सुखात होते असे नाही. मात्र त्या घराने आपली तक्रार लपवली नाही, देवासमोर मांडली. आणि दळणाऱ्या जनीला त्या घराने अभंग रचण्यापासून अडवले नाही.

मंगळवेढ्याला चोखोबांचे घर तिसऱ्याच तऱ्हेचे. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. ज्यांना मंदिराच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्या घरातली बाई, पोर, बहीण, मेहुणा, सगळेच अभंगकर्ते झाले. इथे घराण्याची परंपरा बापाकडून थोरल्या मुलाकडे गेली नाही. ती नवरा-बायकोत, बहीण-भावात, सोयऱ्यांत पसरली.

पैठणच्या नाथबाबांचे आईवडील त्यांच्या बालपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने त्यांना वाढवले. म्हणजे ज्या घराला आपण आदर्श गृहस्थाश्रम म्हणतो, त्याचा कर्ता आजी-आजोबांच्या हाताखाली वाढलेला होता. त्यांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, पण वडिलांचे वागणे त्याला पटेना म्हणून तो काशीला निघून गेला, अशी कथा आपण कीर्तनात सांगतो. आणि नाथांच्या काव्याचा वारसा कोणाकडे गेला? मुक्तेश्वरांकडे. ओवीबद्ध महाभारत लिहिणारे मुक्तेश्वर हे नाथांचे नातू, पण मुलीचे पुत्र. लेकीच्या वाटेने वारसा चालत आला, आणि त्यात महाराष्ट्राला काही कमी वाटले नाही.

आता देहूला येऊ. तुकोबांच्या घरात वारी पिढ्यान्पिढ्यांची, मूळपुरुष विश्वंभरबाबांपासूनची. घर व्यापाऱ्याचे, महाजनकीचे. पण थोरले बंधू सावजी बायको वारल्यावर तीर्थाटनाला निघून गेले. आईवडील गेले. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. व्यापार बुडाला. त्यानंतर घडले ते ऐकून आजच्या भावकीने कान टवकारावेत. तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी घरच्या कर्जखतांची वाटणी केली. निम्मी खते कान्होबांना दिली, आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे संतशिरोमणींच्या घरीही वाटणी झाली होती. पण ती झाली म्हणून भाऊ तुटला नाही. कान्होबा तुकोबांच्या मागे टाळकरी म्हणून उभे राहिले, आणि तुकोबा गेल्यावर त्यांनी केलेल्या शोकाचे अभंग आजही गायले जातात. खते वाटली गेली, कीर्तन वाटले गेले नाही. पुढे १६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखी सुरू केली. वाटणी झालेल्या घरातूनच पालखीचा सोहळा निघाला, हे विसरू नये.

अनाथ भावंडांचे घर, भरलेले घर, वेशीबाहेरचे घर, आजी-आजोबांचे घर, वाटणीचे घर. पाचही घरांत विठ्ठल राहिला. मग वारी टिकायला अमुकच आकाराचे घर लागते, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

तरी एक गोष्ट खरी. मागच्या दीडदोनशे वर्षांत शेतकऱ्याच्या मोठ्या घराने वारीला फार मोठा आधार दिला. पंचांग पाहा. मृग साधारण ७ जूनला निघतो. माउलींचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. पेरणी उरकते न उरकते तोच कर्ता माणूस पताका खांद्यावर घेऊन आळंदीला निघे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. परतेपर्यंत महिना सरे. तेवढ्यात पीक वर येई, तण माजे, जनावरे असत, अंथरुणावरची म्हातारी माणसे असत, लेकुरवाळ्या असत. कोळपणी भावाने केली. खुरपणी, धारा, शेणकूर, स्वयंपाक बायकांनी केला.

हे मी मुद्दाम सांगतो. कीर्तनाच्या निमित्ताने पन्नासएक वर्षे मी गावोगावच्या घरांत उतरलो. आमच्या घरची वारी चार पिढ्या चुकली नाही, असे सांगणारे यजमान पुष्कळ भेटले. आणि त्यांपैकी काही घरांत जेवायला वाढताना सत्तरीची आजी हळूच विचारी, "महाराज, पंढरी कशी आहे हो?" चार पिढ्यांची वारी त्या घरात होती, आणि त्या माउलीने चंद्रभागा पाहिलेली नव्हती. बायका दिंडीत नव्हत्या असे नाही. तुळस डोईवर घेऊन चालणाऱ्या किती तरी होत्या. पण बहुतेक उतारवयाच्या, संसारातून मोकळ्या झालेल्या. तरण्या सुनेचा पाय उंबऱ्याबाहेर पडणे कठीण होते. जुन्या घराचे गुण गाताना या आजीचा हिशेब कोणी धरत नाही.

हा हिशेब संतांच्या काळातही होता. जिजाईने उन्हातान्हात डोंगरावर भाकर नेली म्हणून तुकोबांचे चिंतन चालले. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, आणि तरीही संसार सोडला नाही. त्यांनी हे सगळे स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले आहे, म्हणून आपल्याला कळते. ज्यांनी सांगितले नाही, त्या किती असतील!

त्या मोठ्या घरालाही तडे आजच गेलेले नाहीत. १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहायला लागली, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातले, साताऱ्या-पुण्याकडचे लाखो पुरुष परळ-लालबागच्या चाळींत गेले. बायकामुले गावी, नवरा खाणावळीत. घर दोन गावांत राहू लागले. पण त्याच चाळींत भजनी मंडळे उभी राहिली, पाळी संपवून आलेला कामगार पखवाजावर बसू लागला. १९०६ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरला पोचली, तेव्हा महिनाभर सुटी नसलेल्या माणसालाही एकादशी गाठता येऊ लागली. पायी चालणारे काही जण तेव्हा त्याला नावे ठेवत असतील, पण विठोबाने कोणाला परत पाठवले नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा ही घरे पुन्हा विस्कटली. कोणी गावी परतला, कोणी मिळेल ते काम धरले. भजन मात्र गेलेल्या ठिकाणी सोबत गेले.

आज आपण आणखी एका वळणावर आहोत. चारपाच माणसांचे घर, त्यातली दोन नोकरीला. अशा घरांनी काय केले आहे, तेही पाहा. एका घरात तिघा भावांनी वडिलांची वारी पाळीने वाटून घेतली आहे, दर वर्षी एक जण पुरा सोहळा चालतो. दुसऱ्या घरी मुलाला रजा चारच दिवसांची, म्हणून तो आळंदी ते पुणे चालतो आणि पुढे दशमीला वाखरीला येऊन मिळतो. एके ठिकाणी बाप थकला तेव्हा मुलगा नाही म्हणाला, पण लग्न होऊन गेलेली लेक उठली. बापाची माळ, बापाचे टाळ, बापाचीच दिंडी. पहिल्या वर्षी दिंडीत कुजबूज झाली. तिसऱ्या वर्षी तिचीच वाट पाहू लागले.

शेतजमिनीच्या बाबतीत कायदा पुढे गेला. लेकीला जन्मतः वाटेकरी मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशभरासाठी ती २००५ साली झाली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच मिळतो, असा निर्वाळा दिला. सातबाऱ्यावर लेकीचे नाव लागू शकते, तर वारीच्या वारशात का लागू नये? शेत वाटले की तुकडे होतात. नेम वाटला की एकाचे दोन नेम होतात. मुक्ताई आणि मुक्तेश्वर ज्या संप्रदायाला पूज्य आहेत, त्याला हे कायद्याने शिकवावे लागू नये.

एक प्रश्न मात्र लहान घरात फार अवघड झाला आहे. मोठ्या घरात मागे राहणारे दहा होते. आता मागे फक्त आई उरते, तीही अंथरुणावर. अशा वेळी मुलाने काय करावे? वारी चुकवली तर नेम मोडतो, आईला सोडले तर मन खाते.

याचे उत्तर आपल्या देवानेच विटेवर उभे राहून दिलेले आहे. पुंडलिकाची कथा आपण इतक्या वेळा ऐकतो, की तिचा पूर्वार्ध विसरतो. तरुण पुंडलिक आईवडिलांना विचारीत नव्हता. यात्रेला निघाला तेव्हा बायकोसह घोड्यावर बसला आणि म्हातारी पायी चालत होती, असे कथा सांगते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. त्यानंतर तो आईवडिलांचे पाय चेपू लागला, आणि साक्षात भगवंत दारी आला तेव्हा त्याने देवाला वीट दिली, हातातली सेवा सोडली नाही. पंढरी पंढरी झाली ती घरी थांबलेल्या मुलामुळे. मग आईचे करण्यासाठी जो वारीला आला नाही, त्याची वारी चुकली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? २०२० साली साथीमुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या, आणि लाखो घरांत वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ केला. त्या वर्षी कोणाचा नेम मोडला असे आपण म्हटले नाही. एकेका घरावर असा प्रसंग येतो तेव्हाही तीच दृष्टी हवी.

पण सज्जनहो, पुंडलिकाचा दाखला देऊन दर वर्षी एकाच माणसाला घरी बसवू नये. सूनच का थांबावी? प्रस्थानाच्या आधी घरात एकत्र बसावे. कोण चालणार आणि कोण थांबणार, ते ठरवावे. यंदा थांबलेल्याला पुढच्या वर्षी पताका द्यावी. दिंडीला बायको निघाली तर नवऱ्याने आईचे औषधपाणी करावे, त्यात कमीपणा नाही, तीच पुंडलिकाची सेवा आहे. मोठ्या घरात पोराच्या कानावर हरिपाठ आपोआप पडत असे. लहान घरात तो ठरवून म्हणावा लागेल. अर्धा तास लागतो. मुलगा परगावी असेल तर फोनवर म्हणा, पण रोज म्हणा.

आणि तुमच्या घरात अजून पंढरी न पाहिलेली कोणी माउली असेल, तर तिचे वय विचारू नका, गुडघे विचारू नका. एसटीने न्या, गाडीने न्या. यंदाच्या आषाढीला जमले नाही तर कार्तिकी आहे, माघी आहे, चैत्री आहे. घरची वारी किती पिढ्यांची, हे तिला चंद्रभागेत उभे केल्यावर मोजा.

रामकृष्णहरी.