ब्रिटिश राजकारणातील पक्षांतर

ब्रिटिश राजकारणातील पक्षांतर म्हणजे युनायटेड किंग्डममधील लोकप्रतिनिधींनी, तसेच मतदारांनी, एका राजकीय पक्षाची साथ सोडून दुसऱ्या पक्षाची बाजू घेणे होय. संसदसदस्याच्या पक्षांतरासाठी इंग्रजीत 'क्रॉसिंग द फ्लोअर' हा वाक्प्रचार रूढ आहे. हाउस ऑफ कॉमन्समध्ये सत्ताधारी व विरोधी पक्षांची बाके समोरासमोर मांडलेली असतात. सरकारी बाकावरून विरोधकांत किंवा विरोधकांतून सरकारी बाकावर जाणाऱ्या सदस्याला मधली मोकळी जागा सर्वांच्या देखत ओलांडावी लागते. त्यावरून हा शब्दप्रयोग आला. मराठीत 'पक्षांतर' या शब्दाला बहुधा दूषणाची छटा असते. इंग्रजीतही पक्ष सोडणाऱ्याला बुडत्या जहाजावरून पळणाऱ्या उंदराची उपमा देण्याची जुनी रीत आहे. तथापि ब्रिटिश इतिहासातील काही पक्षांतरे तत्त्वाच्या प्रश्नावर व मोठी किंमत मोजून झालेली आहेत, तर काही उघडपणे सोयीची आहेत. दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य ठरत नाही.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्ष सोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द होण्याची तरतूद झाली. 'आयाराम-गयाराम' हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे अशा वाचकांना ब्रिटनमधील मोकळीक चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तेथील संकेत असा की, मतदार निवडून देतात ते व्यक्तीला. पक्ष हा त्या व्यक्तीचा केवळ एक परिचय. एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे प्रतिनिधीच्या स्वतंत्र विवेकबुद्धीचा जो पुरस्कार केला, तो या विचाराचा आधार म्हणून आजही सांगितला जातो. १९६९ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यापूर्वी तर मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचा उल्लेखही नसे.

प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य मतदार पक्ष पाहूनच मत देतात. त्यामुळे जागा नेमकी कोणाची, सदस्याची, पक्षाची की मतदारांची, हा वाद प्रत्येक पक्षांतरानंतर नव्याने उभा राहतो. २०१५ च्या कायद्याने मतदारांना आपला प्रतिनिधी परत बोलावण्याचा मर्यादित अधिकार दिला. सदस्याला झालेली कारावासाची शिक्षा, सभागृहातून ठरावीक मुदतीचे निलंबन किंवा खर्चाच्या खोट्या दाव्याबद्दल झालेली शिक्षा, यांपैकी एखादे कारण असेल आणि मतदारसंघातील किमान १० टक्के मतदारांनी स्वाक्षऱ्या केल्या, तर जागा रिकामी होते. पक्षांतराचा या कारणांत समावेश नाही.

पक्षाच्या हाती असलेले मुख्य शस्त्र म्हणजे सदस्याला संसदीय गटातून वगळणे. अशा सदस्याला पक्षादेश लागू राहत नाही. तो अपक्ष म्हणून बसतो आणि त्याची पुढील उमेदवारी धोक्यात येते. सदस्यत्व मात्र अबाधित राहते.

एकोणिसावे शतक

आधुनिक पक्षांची बांधणी होत असतानाच दोन मोठ्या फुटी झाल्या. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी आयात धान्यावर जकात बसवणारे कायदे रद्द केले. त्यांच्या स्वतःच्या हुजूर पक्षातील बहुसंख्य सदस्य विरोधात गेले आणि विरोधकांच्या मतांवर विधेयक संमत झाले. पील यांच्या अनुयायांचा गट वेगळा झाला व १८५९ मध्ये व्हिग आणि रॅडिकल गटांसह लिबरल पक्षात विलीन झाला. याच गटातील विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८३२ मध्ये टोरी म्हणून संसदेत प्रवेश केला होता. पुढे ते चार वेळा लिबरल पंतप्रधान झाले. हुजूर पक्षाला यानंतर स्वतःचे स्पष्ट बहुमत मिळण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

दुसरी फूट ग्लॅडस्टन यांच्याच पक्षात पडली. १८८६ मध्ये त्यांनी आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक आणले. जोसेफ चेंबरलेन व लॉर्ड हार्टिंग्टन यांच्यासह ९० हून अधिक लिबरल सदस्यांनी विरोधी मतदान करून ते पाडले. या 'लिबरल युनियनिस्ट' गटाने हुजूर पक्षाशी सहकार्य केले आणि १९१२ मध्ये तो त्या पक्षात विलीन झाला. चेंबरलेन यांचे पुत्र ऑस्टिन व नेव्हिल हे दोघेही पुढे हुजूर पक्षाचे नेते झाले, हे पाहिले म्हणजे एका पिढीतील बंडखोरी पुढच्या पिढीत परंपरा कशी होते ते कळते.

विन्स्टन चर्चिल

ब्रिटनमधील सर्वांत प्रसिद्ध पक्षांतर चर्चिल यांचे, आणि तेही दुहेरी. १९०० मध्ये ते ओल्डहॅम येथून हुजूर पक्षातर्फे निवडून आले. १९०३ मध्ये चेंबरलेन यांनी साम्राज्याबाहेरील मालावर जकात लावण्याची मोहीम उघडली. मुक्त व्यापाराचे समर्थक असलेल्या चर्चिल यांना ती मान्य नव्हती. ३१ मे १९०४ रोजी ते सभागृह ओलांडून लिबरल बाकावर डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या शेजारी जाऊन बसले. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले आणि चर्चिल यांचा मंत्रिपदांचा प्रवास सुरू झाला. त्यांचे मतभेद खरे होते. त्याचबरोबर वारा कोणत्या दिशेला वाहतो आहे याची त्यांना जाणीव होती, हेही नाकारता येत नाही.

परतीचा मार्ग अधिक खडतर होता. १९२२ मध्ये डंडी येथे आणि १९२३ मध्ये लेस्टर वेस्ट येथे ते लिबरल म्हणून पराभूत झाले. मार्च १९२४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबी मतदारसंघातील पोटनिवडणूक त्यांनी समाजवादविरोधी अपक्ष म्हणून लढवली आणि अवघ्या ४३ मतांनी गमावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते एपिंग येथून हुजूर पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आले. पंतप्रधान स्टॅन्ली बॉल्डविन यांनी त्यांना थेट अर्थमंत्री केले. पक्षाचे औपचारिक सदस्यत्व त्यांनी त्यानंतरच घेतले. पक्ष कोणीही सोडू शकतो, पण दुसऱ्यांदा सोडायला कसब लागते, अशा आशयाची उक्ती त्यांच्या नावावर सांगितली जाते. जुन्या हुजूर सदस्यांचा त्यांच्यावरील अविश्वास मात्र पुढेही बराच काळ टिकून होता.

१९३१ आणि मजूर पक्ष

मजूर पक्षाच्या स्मृतीत 'विश्वासघात' हा शब्द रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्याशी जोडलेला आहे. पक्षाच्या उभारणीत आयुष्य घालवलेले मॅक्डोनाल्ड हे पक्षाचे पहिले पंतप्रधान. १९३१ च्या आर्थिक संकटात बेकारभत्त्यात १० टक्के कपात करण्यावरून त्यांचे मंत्रिमंडळ दुभंगले. ऑगस्टमध्ये त्यांनी हुजूर व लिबरल पक्षांसह 'राष्ट्रीय सरकार' स्थापन केले. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्ष २८७ जागांवरून ५२ वर आला. मॅक्डोनाल्ड पंतप्रधानपदी राहिले, परंतु १९३५ मध्ये सीहॅम येथे मजूर पक्षाच्या इमॅन्युएल शिनवेल यांनी त्यांचा पराभव केला. देशहितासाठी पक्षाचा त्याग की पदासाठी, यावर इतिहासकारांत अद्याप एकमत नाही.

याच काळात ऑस्वल्ड मोझ्ली यांनी हुजूर, अपक्ष, मजूर आणि स्वतःचा 'न्यू पार्टी' असा प्रवास करून १९३२ मध्ये फॅसिस्ट संघटना काढली.

मुंबईत जन्मलेले आणि जमशेटजी टाटा यांचे भाचे असलेले शापुरजी सकलातवाला यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. ते इंडिपेंडंट लेबर पार्टीतून १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, परंतु १९२२ मध्ये लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून निवडून येताना त्यांना स्थानिक मजूर पक्षाचाही पाठिंबा होता. १९२४ मध्ये ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणून विजयी झाले. मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केल्यावर १९२९ मध्ये ते हरले.

लिबरल पक्षाच्या ऱ्हासात घराणीही विभागली. लॉइड जॉर्ज यांचे पुत्र ग्विलिम हुजूर सरकारात १९५४ मध्ये गृहमंत्री झाले, तर कन्या मेगन यांनी १९५५ मध्ये मजूर पक्षात प्रवेश केला आणि १९५७ मध्ये कार्मार्थनची पोटनिवडणूक जिंकली.

सोशल डेमोक्रॅटिक पक्ष

२५ जानेवारी १९८१ रोजी रॉय जेंकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स व बिल रॉजर्स या मजूर पक्षाच्या चार माजी मंत्र्यांनी 'लाइमहाउस जाहीरनामा' प्रसिद्ध केला. मजूर पक्ष डावीकडे झुकल्याची व युरोपीय समुदायातून बाहेर पडण्याची भाषा करू लागल्याची त्यांची तक्रार होती. मार्चमध्ये स्थापन झालेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात मजूर पक्षाचे एकूण २८ व हुजूर पक्षाचा एक सदस्य दाखल झाला. आरंभीच्या पोटनिवडणुकांत यश मिळाले. १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या पक्षाच्या व लिबरल पक्षाच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली; मजूर पक्षाला २७.६ टक्के. परंतु जागा मिळाल्या आघाडीला २३ आणि मजूर पक्षाला २०९. मजूर पक्षाची मते औद्योगिक भागांत एकवटलेली होती, आघाडीची देशभर विखुरलेली. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या पद्धतीत विखुरलेल्या मतांना फारशी किंमत नसते. बाहेर पडलेल्या बहुतेक सदस्यांनी जागा गमावल्या. १९८८ मध्ये पक्षाचा मोठा भाग लिबरल पक्षात विलीन झाला. भावी बंडखोरांना हा धडा पुढे कित्येक वर्षे ऐकवला गेला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रेक्झिट व मजूर पक्षातील ज्यूद्वेषाच्या प्रश्नावरून सात मजूर सदस्य बाहेर पडले. नंतर आणखी एक मजूर व तीन हुजूर सदस्य त्यांना मिळाले. या ११ जणांपैकी एकही डिसेंबरमधील निवडणुकीत परत आला नाही.

राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे

कायदा सक्ती करीत नसला तरी काही सदस्यांनी स्वेच्छेने जागा सोडून पोटनिवडणूक लढवली आहे. १९२९ मध्ये लिबरल म्हणून निवडून आलेल्या विल्यम जोविट यांनी मजूर सरकारात पद स्वीकारताच प्रेस्टन येथे नव्याने कौल घेतला आणि ते जिंकले. १९७३ मध्ये लिंकन येथे डिक टॅव्हर्न मजूर पक्ष सोडून विजयी झाले. ऑक्टोबर १९७४ मध्ये मात्र ते हरले. १९८२ मध्ये ब्रूस डग्लस-मान यांनी मिचम अँड मॉर्डन येथे असेच केले आणि जागा हुजूर पक्षाकडे गेली. युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टीत गेलेले डग्लस कार्सवेल व मार्क रेकलेस यांनी २०१४ मध्ये पोटनिवडणुका जिंकल्या. हे सर्व अपवाद होत. ॲलन हॉवर्थ (१९९५), शॉन वुडवर्ड (१९९९) आणि क्रिश्चन वेकफर्ड (२०२२) हे हुजूर पक्षातून थेट मजूर पक्षात गेले, तेव्हा त्यांनी जागा सोडली नाही. वुडवर्ड यांना पुढे मजूर पक्षाचा बालेकिल्ला असलेला सेंट हेलेन्स साउथ मतदारसंघ देण्यात आला व ते मंत्रीही झाले. अशा वेळी स्थानिक कार्यकर्त्यांना काय वाटले असेल याची कल्पना कोणत्याही देशातील कार्यकर्त्याला सहज येईल.

एका सदस्याच्या पक्षांतराने सरकारचे बहुमतच जाणे दुर्मीळ आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन बोलत असतानाच फिलिप ली हुजूर बाकावरून उठून लिबरल डेमोक्रॅट सदस्यांत जाऊन बसले आणि सरकारने कामचलाऊ बहुमत गमावले. अलीकडे हुजूर पक्षातून रिफॉर्म यूके पक्षाकडे ओघ दिसतो. मार्च २०२४ मध्ये गेलेले ली अँडरसन हे त्या पक्षाचे पहिले संसदसदस्य. त्यापूर्वी ते मजूर पक्षाचे नगरसेवक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये डॅनी क्रूगर त्याच पक्षात गेले.

मतदारांचे पक्षांतर

नेत्यांच्या पक्षांतराची बातमी होते. मतदारांचे पक्षांतर निकालानंतरच कळते. १९५१ मध्ये हुजूर व मजूर या दोन पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते होती. आईवडिलांचा पक्ष तोच मुलांचा, कामगार वस्ती मजूर पक्षाची आणि सुखवस्तू उपनगर हुजूर पक्षाचे, असा ढोबळ नियम होता. अर्थात हुजूर पक्षाला मत देणारे कामगारही पूर्वापार होते. डेव्हिड बटलर व डोनाल्ड स्टोक्स यांच्या १९६९ च्या ग्रंथात या वारशाने येणाऱ्या निष्ठेचे विवेचन आहे. २०२४ मध्ये याच दोन पक्षांची एकत्रित मते ५८ टक्क्यांच्याही खाली आली.

मतदारांचा कल मोजण्यासाठी 'स्विंग' ही संकल्पना वापरतात. एका पक्षाची मते ४० वरून ४४ टक्के झाली व प्रतिस्पर्ध्याची ४० वरून ३६, तर स्विंग ४ टक्के. हा आकडा निव्वळ फरक दाखवतो. किती जणांनी खरोखर पक्ष बदलला, किती घरी बसले, किती नवमतदार आले, हे त्यातून कळत नाही. विद्यार्थ्यांनी स्विंग म्हणजे पक्षांतर असे समीकरण मांडू नये.

नेत्याने मतदारांनाच पक्षांतराचा सल्ला दिल्याचे ठळक उदाहरण ईनॉक पॉवेल यांचे. युरोपीय समुदायाला विरोध असल्याने फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी हुजूर उमेदवारी नाकारली आणि आपल्या अनुयायांना मजूर पक्षाला मत देण्याचे सुचवले. त्यांचा प्रभाव असलेल्या वेस्ट मिडलँड्समध्ये हुजूर पक्षाची विशेष पीछेहाट झाली.

स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्य सार्वमतानंतर मजूर पक्षाचा पाया ढासळला. २०१५ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीने ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या आणि मजूर पक्ष ४१ वरून एकावर आला. उत्तर इंग्लंड व मिडलँड्समधील जुन्या खाणकामगारी मतदारसंघांनी २०१९ मध्ये हुजूर पक्षाला कौल दिला. बोल्सओव्हर येथे १९७० पासून सदस्य असलेले डेनिस स्किनर हरले. बिशप ऑकलंडने १८८५ मधील निर्मितीपासून प्रथमच हुजूर सदस्य निवडला. हार्टलपूलचा प्रवास अधिक बोलका आहे. २०१९ मध्ये ब्रेक्झिट पक्षाने मते घेतल्याने जागा मजूर पक्षाकडे राहिली, मे २०२१ च्या पोटनिवडणुकीत ती हुजूर पक्षाकडे गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा मजूर पक्षाकडे आली.

२०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या, कारण हुजूर पक्षाची मते अनेक दिशांना पांगली. रिफॉर्म यूकेने १४.३ टक्के मते घेतली, जागा मात्र पाचच. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने प्रतिस्पर्ध्याकडून जिंकलेली एकमेव जागा लेस्टर ईस्ट ही होती. भारतीय वंशाच्या मतदारांची मोठी संख्या असलेला हा मतदारसंघ दीर्घकाळ मजूर पक्षाचा गड होता. तेथे मजूर पक्षाचे दोन माजी सदस्य पक्षाबाहेरून उभे राहिले, मते विभागली आणि शिवानी राजा निवडून आल्या. १ मे २०२५ रोजी रनकॉर्न अँड हेल्सबी या पोटनिवडणुकीत रिफॉर्म यूकेने मजूर पक्षाची जागा सहा मतांनी घेतली.