लोहगावची धावपट्टी आणि तिकिटाचे पैसे

पुण्याच्या विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, ब्रिटिशांनी लोहगावला लष्करी तळ उभारला आणि पुढे त्याच तळाच्या एका भागात प्रवासी विमानांना जागा मिळाली. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, पण धावपट्टी हवाई दलाची, अशी ही विभागणी आजही कायम आहे. त्यामुळे पुण्याचे उड्डाण रद्द झाले की त्यात विमान कंपनीचा दोष असेलच असे नाही. दोष कोणाचाही असला, तरी प्रवाशाने भरलेल्या पैशांचे काय, याचे उत्तर भारतात फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने मिळत गेले.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे देशांतर्गत प्रवास म्हणजे जवळजवळ फक्त इंडियन एअरलाइन्स. १९७२ चा हवाई वाहतुकीचा कायदा मृत्यू, दुखापत, सामान आणि विलंब यांबद्दल बोलतो. रद्द झालेल्या उड्डाणाच्या तिकिटाचा परतावा हा त्याचा विषयच नव्हता. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या कंपनीच्या अटी हाच व्यवहारातला कायदा होता.

त्या अटींना आव्हान देण्याची भाषा पुण्याला मात्र परकी नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत स्थापन केली. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्याला जाब विचारायचा, हा तिचा मूळ आग्रह. देशभरच्या अशा प्रयत्नांनंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि विमान कंपनीला जिल्हा मंचासमोर खेचता येऊ लागले. तरी एक अडसर राहिलाच: कंपनीचे कार्यालय किंवा वादाचे कारण जिथे असेल, तिथेच तक्रार करावी लागे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा २०१९ च्या नव्या कायद्याने दिली. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला.

परताव्याचे स्वतंत्र नियम स्वस्त विमानसेवांच्या लाटेनंतर आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मे २००८ मध्ये तिकिटाच्या परताव्याची नियमावली काढली आणि ऑगस्ट २०१० मध्ये रद्द किंवा लांबलेल्या उड्डाणांसाठी दुसरी. २०१६ मध्ये दोन्ही कडक झाल्या. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले तरी कर आणि विमानतळ शुल्क परत करणे बंधनकारक झाले. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत द्यायचे ठरले. एजंटमार्फत तिकीट काढले असेल तर तीस कामाच्या दिवसांत परताव्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली गेली. पैसे खात्यात हवेत की पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचे, हे कलम तेव्हा किरकोळ वाटले असेल. चार वर्षांनी सारा वाद त्याच्याभोवतीच फिरला.

या नियमांत परतावा आणि नुकसानभरपाई या दोन गोष्टी अलग आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. उड्डाण रद्द झाले की पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे, यातला एक हक्क प्रवाशाला असतोच. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तरी तो लागू होतो. वेळेवर कळवलेच नाही, तर त्यावर भरपाई: उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर भरपाई मिळत नाही. तिकीट काढताना प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तरीही ती बुडते; एजंटाने स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला असेल, तर हे अनेकांना फार उशिरा समजते.

कोरोनाच्या टाळेबंदीमुळे २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत विमाने बंद राहिली. कंपन्यांनी पैसे परत न करता ‘क्रेडिट शेल’ देऊ केले, म्हणजे रक्कम कंपनीकडेच, पुढच्या तिकिटासाठी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करायला सांगितले. आधी काढलेल्या तिकिटांसाठी, आर्थिक अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची सवलत मिळाली. त्यावर जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का वाढ द्यायची होती.

पुण्याची खास कसोटी त्यानंतर लागली. धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणे बंद झाली आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. दसरा १५ तारखेला झाला होता, दिवाळी पुढच्या आठवड्यावर आली होती. कारण हवाई दलाच्या कामाचे, म्हणून भरपाईचा प्रश्न नव्हता. परताव्याचा हक्क मात्र शाबूत होता. पण मुंबईहून नव्या, महाग दराने काढलेले तिकीट आणि द्रुतगती मार्गावरून टॅक्सीने जाण्याचा खर्च प्रवाशाच्याच खिशातून गेला. नियमातली ही उणीव खरोखर मोठी आहे, आणि धावपट्टी ज्यांच्या हाती नाही अशा शहरांना ती जास्त जाचते.

कंपनीच बुडाली तर हक्क कागदावर उरतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही पुण्याहून उडत. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तिकीटधारक हा तारण नसलेला धनको ठरतो आणि बँकांच्या मागे रांगेत उभा राहतो.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि पुण्यासह देशभर तिची उड्डाणे कोलमडली. या वेळी कारण कंपनीच्या आतले होते. केंद्र सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सर्व परतावे पूर्ण करण्याचा आदेश दिला आणि भाड्यांवर कमाल मर्यादा घातली. त्याच्या महिनाभर आधी डीजीसीएने नियमावलीचा सुधारित मसुदा मांडला होता: तिकीट काढल्यापासून ४८ तासांत ते रद्द किंवा बदलण्याची मुभा, आणि एजंटमार्फतचा परतावा तीसऐवजी एकवीस कामाच्या दिवसांत.