बाकारातलं ५ टक्के कमिशन: कॅसिनो ते कापतो कसं, आणि ‘नो कमिशन’ टेबल म्हणजे नेमकं काय?

इन्स्टावर किंवा टेलिग्रामवर लाइव्ह कॅसिनोची जाहिरात एकदा तरी तुमच्यासमोर आली असेलच. लाल-निळे गोल, पत्ते वाटणारी डीलर, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘नो कमिशन’. खेळ असतो बाकारा. (लिहिताना लोक ‘बॅकरॅट’ लिहितात, पण शेवटचा टी मुका आहे.) कमिशन नाही म्हणजे स्वस्त, असं कुणालाही वाटेल. मी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ‘झिरो फी’ असं कुठे दिसलं की पैसे मग कुठून कापतात हे शोधायची खोड लागली आहे. इथे ते शोधणं सोपं आहे, कारण बाकाराचं सगळं गणित उघड आहे.

आधी खेळ, थोडक्यात. दोन बाजू असतात, प्लेअर आणि बँकर. ही फक्त नावं आहेत. प्लेअर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. तुम्ही कुठल्याही बाजूवर पैसे लावू शकता. दोन्हीकडे दोन-दोन पत्ते पडतात. एक्का म्हणजे १. दश्शी, गुलाम, राणी, राजा म्हणजे शून्य. बेरजेतला फक्त एकक स्थानचा अंक धरायचा, म्हणजे ७ आणि ८ आले तर १५ नाही, ५. (कोडिंग करणाऱ्यांसाठी: मॉड्युलो १०.) ९ च्या जवळ असेल ती बाजू जिंकते. कुणाला पहिल्या दोन पत्त्यांतच ८ किंवा ९ आले तर डाव तिथेच संपतो. नाहीतर ठरलेल्या नियमांनुसार तिसरा पत्ता ओढला जातो. त्यात तुम्हाला काहीही ठरवायचं नसतं.

बँकर पुढे का असतो?

सगळी मेख या तिसऱ्या पत्त्यात आहे. प्लेअर बाजू आधी ओढते, आणि तिचा नियम साधा आहे: बेरीज ० ते ५ असेल तर पत्ता घ्या, ६ किंवा ७ असेल तर थांबा. बँकरचा नियम मात्र प्लेअरचा तिसरा पत्ता कुठला आला ते बघून चालतो. बँकरकडे ३ असतील तर समोर ८ आल्यावर तो थांबतो, इतर कुठल्याही पत्त्यावर ओढतो. ६ असतील तर समोर ६ किंवा ७ आल्यावरच ओढतो. म्हणजे एकाने पेपर सोडवल्यावर दुसरा तो बघून आपला सोडवतो. फायदा होणारच.

आठ कॅटच्या, म्हणजे ४१६ पत्त्यांच्या नेहमीच्या खेळात हा फायदा किती, ते मोजता येतं. १०,००० डाव धरा. सरासरीने बँकर जिंकतो ४,५८६, प्लेअर जिंकतो ४,४६२ आणि बरोबरी होते ९५२ वेळा. बरोबरी झाली की बँकर-प्लेअरवरचे पैसे जसेच्या तसे परत मिळतात.

आता समजा तुम्ही दर डावाला १०० रुपये बँकरवरच लावले आणि कमिशन नाही. जिंकलात ४,५८,६०० आणि हरलात ४,४६,२००. तुम्हीच १२,४०० रुपयांनी वर! असं टेबल चालवणारा कॅसिनो दिवाळं काढेल. म्हणून बँकरवर जिंकलेल्या रकमेतून ५ टक्के कापतात. ४,५८,६०० चे ५ टक्के होतात २२,९३०. १२,४०० चा फायदा पुसला जातो आणि तुम्ही १०,५३० रुपयांनी खाली जाता. दहा लाख फिरवून साधारण एक टक्का गेला. अचूक आकडा १.०६ टक्के. यालाच हाउस एज म्हणतात. प्लेअरवर कमिशन नसतं, तिथे हाच आकडा १.२४ टक्के येतो. म्हणजे कमिशन भरूनही बँकरच किंचित स्वस्त. बरोबरीवर पैसे लावायचीही सोय असते, एकास आठ देतात, आणि तिथे हाउस एज १४.३६ टक्के आहे. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या: कमिशन कापतात फक्त जिंकलेल्या रकमेवर. हरलात तर नाही, बरोबरीत नाही, आणि तुमच्या मूळ पैजेवरही नाही. १०० लावून जिंकलात तर १९५ हातात येतात.

ही ५ टक्क्यांची पद्धत जुनी आहे. युरोपात खेळल्या जाणाऱ्या शमँ द फेर या प्रकारात बँकर खरोखर एक खेळाडूच असायचा, बाकीचे त्याच्याविरुद्ध पैसे लावायचे. कॅसिनो मध्ये नसायचाच, तर बँकरच्या जिंकण्यातला ५ टक्के हिस्सा ही त्याची जागा पुरवल्याची कमाई. पुढे क्यूबामार्गे १९५९ मध्ये लास वेगासच्या सँड्समध्ये जो बाकारा आला, त्यात सगळ्यांच्या विरुद्ध कॅसिनो स्वतः बसला. कमिशन तेच राहिलं, काम बदललं. आधी ते भाडं होतं, आता तराजूत टाकलेलं वजन. आज मकाऊच्या कॅसिनोंची बहुतांश कमाई याच खेळातून येते.

टेबलवर उधारीची वही

आता प्रत्यक्षात कापतात कसं? मला सगळ्यात रंजक वाटतो तो हा भाग.

दर डावाला पाच टक्के कापायचे तर डीलरला सुट्टे लागतात, आणि प्रत्येक खेळाडूमागे हिशेब करत बसलं तर खेळ रेंगाळतो. म्हणून मोठ्या टेबलांवर जिंकल्यावर पूर्ण रक्कम देतात आणि कमिशन उधारीवर ठेवतात. डीलरच्या समोर छोटे चौकोन असतात, प्रत्येक खुर्चीचा एक, वर खुर्चीचा नंबर. तुम्ही ३ नंबरच्या खुर्चीवर १०० लावून बँकरवर जिंकलात की डीलर तुम्हाला १०० देतो आणि ३ नंबरच्या चौकोनात ५ रकमेचं छोटं बटण ठेवतो. या बटणांना लॅमर म्हणतात. शू संपला, म्हणजे पेटीतले पत्ते संपत आले, की बटणं मोजून वसुली. मध्येच उठून जायचं असेल तर आधी हिशेब चुकता करायचा. किराणा दुकानदाराची वहीच ही, फक्त कागदाऐवजी प्लास्टिकची. (बऱ्याच टेबलांवर खुर्च्यांचे नंबर ३ वरून थेट ५ वर जातात. चिनी भाषेत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचे उच्चार जवळचे आहेत.)

उधारी आली की बुडीतही आलं. एखादा शू संपायच्या आत सगळं हरून बसला तर वसूल कशातून करणार? शिवाय बटण ठेवायला डीलर विसरू शकतो. म्हणून लहान टेबलांवर अनेक ठिकाणी कमिशन जागच्या जागी कापून घेतात.

तिथे मग राउंडिंगचा प्रश्न येतो, आणि त्यात लहान पैज लावणारा मार खातो. समजा टेबलवर सगळ्यात छोटी चिप १ डॉलरची आहे. १० डॉलरच्या विजयावर कमिशन होतं ५० सेंट. कॅसिनोने ते वर ढकलून १ डॉलर घेतला तर कमिशन ५ नाही, १० टक्के झालं आणि हाउस एज १.०६ वरून ३.३५ वर गेला. खाली ढकलून शून्य केलं तर उलट खेळाडूच फायद्यात. म्हणून बऱ्याच ठिकाणी २० च्या पटीत पैज लावायला लावतात, म्हणजे ५ टक्के नेहमी पूर्ण आकड्यात येतात.

मोबाइलवर हेच

ॲपमध्ये बटणं नाहीत, चौकोन नाहीत. सर्व्हर जिंकलेली रक्कम ०.९५ ने गुणतो आणि थेट बॅलन्समध्ये टाकतो. उधारी नाही, विसरणं नाही. पण राउंडिंग आहेच, आता ते कोडमध्ये लपलेलं असतं.

पैशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साधा दंडक असतो: रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. दशांशात ठेवली तर संगणक ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ असं देतो. आता एखाद्या ॲपने बॅलन्स पूर्ण रुपयांत ठेवला आणि अपूर्णांक छाटून टाकला तर? १० रुपये लावून जिंकल्यावर ९.५० ऐवजी ९ मिळतील. वर पाहिलेलं तेच १० टक्के कमिशन. आणि स्क्रीनवर ‘५%’ असंच लिहिलेलं राहील.

‘नो कमिशन’ची गंमत

कटकट टाळायला कॅसिनोंनी कमिशन नसलेले प्रकार काढले. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे ‘सुपर ६’ पद्धतीचा. बँकर जिंकला की एकास एक, पूर्ण पैसे. फक्त बँकर ६ वर जिंकला तर निम्मे.

निरुपद्रवी वाटतं ना? आपल्या १०,००० डावांत बँकर ६ वर जिंकतो साधारण ५३९ वेळा. प्रत्येक वेळी ५० रुपये कमी, म्हणजे २६,९५०. कमिशन २२,९३० च होतं! तुमचा तोटा १०,५३० वरून १४,५५० वर जातो, हाउस एज १.४६ टक्के. या पद्धतीला कमिशनच्या भाषेत मांडायचं तर बँकरच्या प्रत्येक विजयावर सरासरी ५.८७ टक्के कापले गेले. आणखी एक उलटापालट होते: प्लेअरची बाजू अजूनही १.२४ वरच आहे, म्हणजे या टेबलवर बँकर ही महागडी बाजू ठरते. नेहमीच्या टेबलवर ‘बँकरवर लावा’ हे ऐकून आलेला माणूस इथे तीच सवय चालू ठेवतो.

प्रत्येक ‘नो कमिशन’ असा नसतो. ‘ईझी बाकारा’मध्ये बँकर तीन पत्त्यांच्या ७ वर जिंकला तर पैज फक्त परत मिळते. असं १०,००० त साधारण २२५ वेळा होतं, तोटा २२,५००, म्हणजे कमिशनपेक्षा किंचित कमीच. हाउस एज १.०२. पण त्याच टेबलवर त्या ७ वर वेगळी पैज लावायची सोय ठेवतात, एकास चाळीस देणारी, आणि तिचा हाउस एज ७.६१ टक्के आहे. स्वस्त मुख्य खेळाची भरपाई तिथून होते.

त्यामुळे ‘नो कमिशन’ वाचलं की पुढचा प्रश्न एकच: मग बँकर कुठल्या आकड्यावर कमी पैसे देतो? उत्तर खेळाच्या माहितीच्या पानावर, ‘आय’च्या बटणामागे, असायला हवं. तिथे ‘रिटर्न टू प्लेअर’ म्हणून बँकरसमोर ९८.९४ असेल तर तो ५ टक्के कमिशनचा खेळ, ९८.५४ असेल तर सुपर ६. आकडाच नसेल तर काहीही असू शकतं.

आणि टक्का लहान दिसतो तो एका डावापुरता. ॲपवर अर्ध्या मिनिटाला एक डाव होतो. चार तासांत ४८० डाव, १०० रुपयांनी ४८,००० फिरले. खिशात मुळात २,००० असले तरी टक्का या ४८,००० वर लागतो: सरासरी ५०९ रुपये, सुपर ६ वर ७०० च्या आसपास.

आपल्याकडचं सांगायचं तर गोव्यात, मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो परवान्यावर चालतात. तिथे डीलरने हिशेब चुकवला तर तुम्ही जागेवर हात वर करू शकता, वर कॅमेरा असतो. मोबाइलवरचं प्रकरण वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यासाठीचे पैशांचे व्यवहार, या सगळ्यांवर बंदी आहे. तरीही रुपयांत बाकारा खेळवणारं ॲप दिसलं, तर ते या कायद्याला न जुमानता चाललेलं आहे. त्याने ९.५० च्या जागी ९ दिले, किंवा काढायला टाकलेले पैसे अडकवले, तर दाद मागायला तुमच्याकडे त्याच ॲपचा चॅटबॉट उरतो.