‘व्हिटॅमिन पी’ : मान गमावलेल्या एका जीवनसत्त्वाचा इतिहास #थ्रेड

१/८ लिंबू-संत्र्याच्या औषधी गुणांचे श्रेय आज बहुधा ‘क’ जीवनसत्त्वाला दिले जाते. १९३६ साली मात्र याच फळांतील आणखी एका द्रव्यसमूहाला जीवनसत्त्वाचा मान मिळाला होता. चौदा वर्षांनी तो काढून घेण्यात आला. द्रव्यांचा अभ्यास मात्र थांबला नाही.

२/८ या समूहातील एक प्रमुख द्रव्य म्हणजे हेस्पेरिडिन. फ्रेंच रसायनज्ञ लेब्रेतों यांनी १८२८ साली ते संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या थरातून वेगळे केले. वैद्यकीय कुतूहलाचा विषय ते ठरले शतकभरानंतर, हंगेरीत.

३/८ सेगेद विद्यापीठातील आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या ‘क’ जीवनसत्त्वावरील संशोधनाला १९३७चे नोबेल मिळाले. त्याच काळात त्यांना एक विसंगती दिसली. केशवाहिन्यांतून रक्त झिरपण्याच्या काही विकारांत शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व निष्प्रभ ठरे. लिंबाचा किंवा पाप्रिका मिरचीचा अशुद्ध अर्क मात्र गुणकारी भासे.

४/८ १९३६ साली त्यांनी व इश्तवान रुझन्याक यांनी लिंबातील फ्लॅव्होनॉइड द्रव्यांच्या मिश्रणाकडे बोट दाखवले. मिश्रणाचे नाव ‘सिट्रिन’, जीवनसत्त्वाचे ‘पी’. पी म्हणजे परमिअॅबिलिटी, केशवाहिन्यांच्या भिंतींची पारगम्यता.

५/८ जीवनसत्त्वाची कसोटी कठोर असते: द्रव्य आहारातून वगळले की ठरावीक विकार जडावा आणि दिले की तो बरा व्हावा. ‘पी’च्या बाबतीत हे सिद्ध झाले नाही. गिनीपिगांवरील आरंभीचे निष्कर्षही खात्रीने पुन्हा मिळेनात. १९५० साली अमेरिकी नामकरण समितीने ही संज्ञा सोडून देण्याची शिफारस केली.

६/८ पुढे प्रश्नच बदलला. ‘अभावाने काय होते?’ याऐवजी ‘पेशीवर काय परिणाम होतो?’ असे विचारले जाऊ लागले. १९८०च्या दशकात अमेरिकेत एलियट मिडलटन यांनी दाखवले की, काही फ्लॅव्होनॉइडांमुळे मानवी बेसोफिल या पांढऱ्या पेशींतून अॅलर्जीकारक हिस्टामिन कमी स्रवते.

७/८ १९९९ साली लिंबूवर्गीय फळांतील मेथॉक्सी-फ्लॅव्होन द्रव्ये मानवी मोनोसाइट पेशींवर तपासली गेली. जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाने चेतवल्यावर या पेशी टीएनएफ-अल्फा हा दाहाचा संदेश सोडतात. या द्रव्यांनी तोच संदेश मंदावला.

८/८ ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ या लोकप्रिय विशेषणाशी हे जुळत नाही. येथे प्रतिसाद शमला आहे. शिवाय हे प्रयोग काचपात्रातील पेशींवरचे. मेथॉक्सी-फ्लॅव्होन मुख्यतः सालीत असतात आणि हेस्पेरिडिन शरीरात शोषले जाण्यापूर्वी आतड्यातील जिवाणूंना त्याचे विघटन करावे लागते. म्हणून पेशीवर दिसलेला गुण पेलाभर सरबतालाही लागू आहे, असे म्हणता येत नाही. ‘व्हिटॅमिन पी’चे नाव घाईने ठेवले गेले होते, ‘इम्युनिटी बूस्टर’ हे नाव देतानाही तीच घाई होते आहे.