डकोटा विमान : आरोहण

डग्लस डीसी-३ या दोन इंजिनांच्या पंख्याच्या विमानाला, विशेषतः त्याच्या सैनिकी सी-४७ आवृत्तीला, भारतात डकोटा म्हणत. पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली ही विमाने भारतीय कंपन्यांनी घेतली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरला टपालाची अदलाबदल करणारी सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली, तिच्यातही डकोटा होती.

इंजिने प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीची. दोन्ही चालू असेपर्यंत चिंता नसे. भरलेल्या विमानाचे एक बंद पडले की चढण्याची ताकद जेमतेम उरे. उन्हाने ती आणखी घटते. पुण्याची लोहगाव धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५९२ मी. उंच, ४० अंश तापमानात तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ती उंची दीड हजार मीटरांवर जाते, म्हणजे तोरण्याच्या माथ्याहूनही (१,४०३ मी.) वर. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर इंजिनाला काही आधार देतो, पंखांना मात्र देत नाही. इंजिन थंड राखण्यासाठी त्याच्या आवरणाच्या झडपा (काउल फ्लॅप) उघडाव्यात, तर हवेचा विरोध वाढून चढ आणखी मंदावतो.

चढ असा मंद असताना समोर डोंगर असला तर धोका वाढतो. उदाहरणार्थ, भोर तालुक्यातील किकवीच्या पश्चिमेला राजगड-तोरण्याची रांग आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा ती ओलांडून देशाच्या बाजूला खाली उतरतो. त्यामुळे पूर्वेकडून येणारे विमान नेमके कड्यापाशी खाली दाबले जाऊ शकते. म्हणून अशी रांग समोरून न गाठता तिरकी गाठावी, म्हणजे माघारी वळायला जागा राहते.

इंजिन गेल्यास चाके आत घ्यायची, बंद पंख्याची पाती वाऱ्याला धारेने उभी करायची आणि ठरलेला वेग राखायचा. उंचीच्या हव्यासाने नाक वर उचलले तर वेग जातो, आणि वेगाबरोबर विमानही. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून उडताच इंजिनाची शक्ती घटून एक डकोटा कोसळले. १३ जण दगावले, केवळ वैमानिक वाचला.

रात्रटपालीच्या आठवणींत मध्यरात्रीची ती भेटच रंगवली जाते. वैमानिकांचे खरे कसब मात्र उड्डाणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होते. त्याहून मोठा निर्णय जमिनीवरच होई : किती पोती चढवायची आणि किती मागे ठेवायची.