एका तारेवर दोन यंत्रें

महाराष्ट्रांत भारनियमनाचे दिवस होते तेव्हांची गोष्ट. २००५ नंतरचीं तीं कांहीं वर्षें ज्यांनीं काढलीं त्यांना त्यांची आठवण करून द्यावयास नको. दिवसांतून ठराविक तास वीज जात असे, आणि पुष्कळदां ठरलेल्या वेळेच्या बाहेरहि जात असे. आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या घरीं आई आजारी होती. तिला विजेवर चालणारें प्राणवायूचें यंत्र लागे. त्यासाठीं त्यांनीं हातानें उचलून नेतां येईल असें पेट्रोलचें एक लहान जनित्र विकत आणलें. प्राणवायूचें यंत्र आणि दोन दिवे एवढा भार तें सुखानें ओढी. पण फ्रीजची मोटर सुरू झाली कीं दिवे मलूल होत, जनित्र गुरगुरे आणि बंद पडे. मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह मागते, हें त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांनीं तसलेंच दुसरें जनित्र आणलें. एका सायंकाळीं दोन्ही जनित्रें अंगणांत चालू करून दोहोंच्या तारा एकत्र बांधावयास ते बसले असतां, सारा जन्म वीजघरांत घालविलेले आमच्या आळींतील एक वृद्ध गृहस्थ तेथें आले आणि म्हणाले, "अहो, हात आवरा. दोन बैल एका जुवाला जुंपायचे तर आधीं पावलें जुळतात का तें तरी पाहाल कीं नाहीं?"

श्रोतेहो, त्या पावलांचाच इतिहास मी आज सांगणार आहें.

घरांत येणारा प्रवाह एका दिशेनें वाहत नाहीं. तो सेकंदांत पन्नास वेळां पुढें जातो आणि पन्नास वेळां मागें येतो. दोन यंत्रें एका तारेवर जोडावयाचीं तर दोहोंचा दाब सारखा हवा, आंदोलनें सारखीं हवींत, आणि शिवाय एकाची लाट ज्या क्षणीं शिखरावर असेल त्याच क्षणीं दुसऱ्याचीहि शिखरावर हवी. एक वर असतांना दुसरें खालीं असलें तर दोहोंचे दाब एकमेकांत मिळून दुप्पट होतात व यंत्रांच्या वेटोळ्यांतून भयंकर प्रवाह धांवतो. तारा जळतात, कधीं दांडाहि पिळवटून निघतो.

विजेच्या पहिल्या काळांतील लोकांना म्हणूनच असें वाटे कीं दोन निरनिराळ्या इंजिनांवर फिरणारीं यंत्रें कधींहि एकत्र नांदावयाचीं नाहींत. वाफेचें कोणतें इंजिन दुसऱ्याशीं सेकंदाच्या शतांशापर्यंत बरोबरी करील? ही शंका वाजवी होती, पण चुकीची होती. ती चुकीची आहे हें मँचेस्टरच्या हेन्री वाइल्ड यांनीं १८६८ सालींच पाहिलें होतें. अशीं यंत्रें तारेनें जोडलीं असतां विजेचा प्रवाहच त्यांना एका तालावर आणून ठेवतो, हा त्यांचा शोध त्यांनीं प्रसिद्धहि केला. परंतु त्या वेळीं घरोघर वीज पुरविण्याचा धंदाच जन्मास आला नव्हता, तेव्हां या ज्ञानाचा उपयोग तरी कोणाला? निबंध छापला गेला आणि विसरला गेला. गरज उत्पन्न होण्यापूर्वीं लागलेल्या शोधांचें बहुधा असेंच होतें; वाइल्ड यांच्याविषयीं मला मात्र नेहमीं हळहळ वाटत आली आहे.

पुढें पंधरा वर्षांनीं तीच गोष्ट जॉन हॉपकिन्सन यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढली. हे गणिती खरे, पण १८७२ पासून कांहीं वर्षें त्यांनीं बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यांत दीपगृहांच्या भिंगांचें काम केलें होतें. १८८३ सालच्या एका व्याख्यानांत त्यांनीं गणितानें असें सांगितलें कीं दोन प्रत्यावर्ती यंत्रें एकापुढें एक अशीं जोडलीं तर तीं स्थिर राहणार नाहींत, पण शेजारीं शेजारीं जोडलीं तर राहतील. कारण मोठें गमतीचें आहे. जें यंत्र जरा पुढें सरकतें त्याच्यावर जास्त भार पडतो, म्हणून तें मंदावतें. जें मागें रेंगाळतें त्याचा भार हलका होतो, किंबहुना पहिलें यंत्रच त्याला ओढूं लागतें. पुढच्याला मागें खेंचणें आणि मागच्याला पुढें ढकलणें हें काम तारच करते. त्यासाठीं माणसाला हात लावावा लागत नाहीं.

गणित कागदावर होतें. तें यंत्रांवर ताडून पाहणें जरूर होतें. डोव्हरजवळ साऊथ फोरलँड येथील दीपगृहांत त्या सुमारास द मेरितां नांवाच्या फ्रेंच शोधकाचीं मोठीं चुंबकी यंत्रें बसविलेलीं होतीं. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक अ‍ॅडम्स यांच्या साहाय्यानें तेथें प्रयोग झाले. दोन यंत्रें जोडलीं, आणि तीं एका तालांत चालूं लागलीं. एकाच्या प्रवाहावर दुसरें मोटरीसारखें फिरवूनहि पाहण्यांत आलें. १८८४ च्या नोव्हेंबरांत हॉपकिन्सन यांनीं हें सारें विद्वानांच्या सभेपुढें मांडलें, आणि वाइल्ड यांचा अग्रमान त्यांनीं तेथें मान्य केला. हा मोठेपणा नोंदवून ठेवण्यासारखा आहे. १८९८ च्या ऑगस्टांत आल्प्स पर्वतांत चढतांना हॉपकिन्सन आपल्या तीन मुलांसह मृत्यु पावले. वय अवघें एकोणपन्नास.

सिद्धांत ठरला तरी कारखानदार पुष्कळ वर्षें बिचकत होते. प्रत्येक यंत्राला निराळी तार, आणि एक यंत्र थांबविण्यापूर्वीं त्याचे दिवे दुसऱ्यावर टाकावयाचे, अशी रीत कांहीं ठिकाणीं चालूच राहिली. १८८९ सालीं मोर्डे या अभियंत्यानें लंडनमध्यें यंत्रें शेजारीं जोडून चालवितां येतात हें पुन्हां ठासून सांगितलें, तेव्हां लोकांची भीड चेपली. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथें टाटांचीं वीजघरें उभीं राहिलीं, तोंपर्यंत या गोष्टीची कोणाला शंका उरली नव्हती. तेथें अनेक चाकें धरणांच्या पाण्यावर फिरून एकाच मुंबईला वीज देऊं लागलीं.

आतां अंगणांतल्या त्या दोन जनित्रांकडे वळूं. त्या वृद्ध गृहस्थांनीं दोन्ही यंत्रांची एकेक तार जोडली आणि उरलेल्या दोन तारांच्या मध्यें एकापुढें एक असे दोन साधे दिवे लावले. दोन अशासाठीं कीं दाब दुप्पट झाला तर एकटा दिवा फुटावयाचा. दिवे पेटले, मंदावले, विझले, पुन्हां पेटले. ते म्हणाले, "हें मिनिटाला तीन हजार फेरे घेतें आहे आणि तें दहा फेरे कमी. म्हणून दर सहा सेकंदांनीं दिवे एकदां विझतात. विझतात तेव्हां पावलें जुळलीं आहेत असें समजा." जुन्या वीजघरांत हेच दिवे पाहून, काळोख झाल्याच्या क्षणीं, स्विच टाकीत. पुढें कांटा फिरणारें उपकरण आलें. तरी हे दिवे आधाराला असतच.

आमच्या शेजाऱ्यांना वाटलें, आतां काळोख होतांच तारा जोडावयाच्या. वृद्धांनीं मान हलविली. जुळणें निराळें आणि भार वांटून घेणें निराळें, असें त्यांचें म्हणणें. वीजघरांतील यंत्राचा वेगनियामक असा लावलेला असतो कीं भार वाढला तर वेग ठराविक प्रमाणांत थोडा उतरावा. दोन्ही यंत्रांची ही उतरण सारखी असली तर भार सारखा वांटला जातो. एकाचा नियामक हट्टी आणि दुसऱ्याचा ढिला असला, कीं सारा भार एकावर पडतो. दुसरें आयतें फिरतें, किंवा उलट पहिल्याचेंच बळ खातें. बाजारांतील लहान जनित्रांत असा मेळ कोणीं घातलेला नसतो. म्हणून त्यांनीं सांगितलें: एकावर आईचें यंत्र व दिवे, दुसऱ्यावर फ्रीज, तारा वेगळ्या. त्या रात्रीपासून तसेंच चाललें.

मग जोडीनें चालणारीं घरगुती जनित्रें म्हणून जीं आज विकतात तीं कोणतीं? त्यांची जात निराळी. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी कारखानदारांनीं इन्व्हर्टर जनित्रें काढलीं. यांत इंजिनावर निघालेली वीज आधीं एका दिशेची करतात, मग इलेक्ट्रॉनिक मंडल तिच्यापासून स्वच्छ पन्नास आंदोलनांची लाट घडवितें. त्यामुळें इंजिनाचा वेग भाराप्रमाणें कमीजास्त करतां येतो, आणि पेट्रोल वांचतें. दुसरें यंत्र जोडतांच त्याचें मंडल पहिल्याची लाट वाचतें, तिच्याशीं आपली जुळवितें, आणि मगच भार उचलतें. भाराची वांटणीहि तेंच करतें. साऊथ फोरलँडला जें तारेनें केलें आणि जुन्या वीजघरांत दिव्यांकडे टक लावून बसलेल्या माणसानें केलें, तें आतां नखाएवढ्या चकतींत बसलें आहे. दोन हजार वॅटचें असें यंत्र वीसएक किलोचें असतें. दोन माणसांनीं दोन उचललीं कीं चार हजार वॅटचें वीजघर अंगणांत आलें. रात्रीं भार कमी असतां एकच चालवावें. एक बिघडलें तरी दुसरें आहेच. अट एवढीच कीं कारखानदारानें जोडीसाठींच म्हणून दिलेलीं यंत्रें घ्यावीं व त्यानें दिलेल्याच तारेनें जोडावीं. घरीं वळलेली तार येथें चालत नाहीं.

एक गोष्ट मात्र जुन्या आणि नव्या दोन्ही जातींना सारखीच लागू आहे, आणि तिच्यासाठींच मला हें बोलावेंसें वाटलें. पुष्कळ लोक जनित्राची तार भिंतींतील प्लगांत खुपसून सारें घर उजळतात. मुख्य स्विच चालूच राहिला तर ही वीज घराबाहेर पडते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरांत उलटी शिरते, आणि २३० व्होल्टांची अकरा हजार होऊन तारेवर चढते. वीज गेली आहे अशा समजुतीनें खांबावर चढलेला लाइनमन त्या तारेला हात लावतो. त्याच्यासाठीं जनित्र आणि मंडळाची वीज कधींहि एकत्र येऊं न देणारा चेंजओव्हर स्विच असतो. आमच्या शेजाऱ्यांचीहि तार त्या दिवशीं भिंतीकडेच चालली होती. वृद्धांनीं ती हातांतून काढून घेतली आणि एवढेंच म्हणाले, "वर कोण आहे तें तुम्हांला खालून दिसत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वायरमन येऊन स्विच बसवून गेला. जनित्रें खिडकीपासून लांब, कुंपणापाशीं नेलीं, कारण त्यांच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेंतल्या माणसाला तो कळत नाहीं. आजारी आई पुढें सहा महिने होती. रात्रीं वीज गेली कीं कुंपणापाशीं एकच यंत्र गुरगुरत असे, आणि तिच्या खोलींतला दिवा लागलेला दिसे.