उघडून बघायला पाहिजे

इतिहासात एक अन्याय फार दिवसांपासून चालत आलेला आहे. एखादी वस्तू कुणी बनवली, हे शाळेत आपल्याकडून पाठ करून घेतात. ती कुणी दुरुस्त केली, हे कुणी विचारतसुद्धा नाही. वाफेचं इंजिन म्हटलं की पोरं एका सुरात 'जेम्स वॅट' म्हणून मोकळी होतात. प्रत्यक्षात वॅटच्या आधी न्यूकोमेन नावाच्या गृहस्थाचं इंजिन चालू होतं. १७६३ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातलं त्या इंजिनाचं एक नादुरुस्त मॉडेल वॅटकडे दुरुस्तीला आलं. त्यानं ते उघडून बघितलं, वाफ कुठं वाया जाते ते शोधलं, आणि पुढचा इतिहास घडला. म्हणजे ज्याला आपण संशोधक म्हणून हार घालतो तो मुळात दुरुस्तीवाला मेस्त्री!

मी बँकेतला कारकून, आणि त्यातून वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमेला एक रक्कम दिसली की नावेला तेवढीच दिसेपर्यंत मला घास गिळत नाही. घरगुती कॉम्प्युटरच्या इतिहासाचा ताळेबंद असाच जुळत नाही. जमेला बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स अशी मोठमोठी नावं. नावेची बाजू कोरी. म्हणून हा इतिहास मी टेबलाखालून लिहायला घेतला आहे. म्हणजे जिथं वायरी असतात, धूळ असते, आणि उताणा झोपून बॅटरी तोंडात धरलेला एक इसम असतो, तिथून.

(जाता जाता एक खुलासा. 'संगणक' हा शब्द परिपत्रकात असतो. बंद पडतो तो कॉम्प्युटर.)

या यंत्राच्या दुखण्यांची परंपरा जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता आतल्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला आणि खाली शेरा मारला, की खराखुरा 'बग' सापडल्याची ही पहिलीच वेळ. बिघाडाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची. पण पुरावा व्हाउचरसारखा वहीला जोडला, हे मला कारकून म्हणून फार आवडलं. आमच्याकडं पाली निघतात, पण त्या वहीत चिकटवायचं धैर्य अजून कुणाला झालेलं नाही.

आपल्या देशाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इतर देशांनी कॉम्प्युटर बनवायच्या कंपन्या काढल्या. आपल्या सरकारनं १९७५ साली कंपनी काढली तिचं नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'! बाकी काही असो, दुरुस्तीची सोय पाहिजे. हा अस्सल भारतीय शहाणपणा आहे. आपणही मुलीला स्थळ बघताना गावात डॉक्टर आहे का हे आधी विचारतो. आणि तो उपयोगी पडला. परदेशी कंपन्यांनी भांडवलातला आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा आग्रह सरकारनं धरला. आयबीएमला तो मानवला नाही आणि १९७८ साली तिनं गाशा गुंडाळला. त्याच सुमाराला कोका-कोलाही गेली. कोला गेल्याचं आम्हा कोल्हापूरकरांना काही वाटायचं कारण नव्हतं, उसाचा रस कुठं पळाला होता? पण देशभर आठशेच्या आसपास ठिकाणी आयबीएमची यंत्रं मागं राहिली होती, आणि त्यांना रस पाजून भागणार नव्हतं. ती सांभाळायचं काम या कॉर्पोरेशनच्या माणसांनी अंगावर घेतलं. बनवणारा निघून गेला, पण यंत्रं चालू राहिली. त्या इंजिनिअरांपैकी एकाचं तरी नाव तुम्हांआम्हांला ठाऊक आहे का?

कोल्हापूरला हे काही नवीन नाही. या गावचा मूळ स्वभावच 'उघडून बघूया की' असा आहे. उद्यमनगरात एखादं यंत्र नेऊन ठेवा. ते कशाचं आहे हे विचारायच्या आधी चार जण पान्हे घेऊन भोवती बसतील. सिनेमाच्या यंत्राचं याच गावात असंच झालं. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी आधी प्रोजेक्टर हाताळला, त्याचं आतलं यंत्र समजून घेतलं आणि आपणच कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी हात थांबवला नाही. १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा उभा राहिला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या काळी सोबत वॉरंटी कार्ड आलं असतं, तर 'सील तोडल्यास कंपनी जबाबदार नाही' हे वाचून मराठी सिनेमा आणखी काही वर्षं लांबला असता.

घरगुती कॉम्प्युटरचा पहिला अवतारसुद्धा असाच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जन्माला आला. इंग्लंडात १९८२ साली सिंक्लेअर कंपनीनं 'स्पेक्ट्रम' काढला. त्याच्या सुधारलेल्या प्रकाराचा परवाना घेऊन १९८६ मध्ये डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं तो आपल्याकडं आणला. स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या गुलाबाला ती पुरणार नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरवरून भरायचा. कॅसेट लावली की पाचेक मिनिटं दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज येई. मग कळे, की चढलंच नाही! अशा वेळी टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, कान देऊन आवाज जरा लख्ख झाला का बघायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तबला लावण्याइतकंच ते नाजूक काम. त्यातून जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी टीव्हीवर 'रामायण' सुरू झालं. त्या वेळेत टीव्हीला कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुलाला घरात काय ऐकावं लागलं असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

बँकेत मात्र या यंत्राचं स्वागत निराळं झालं. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, बँकेतच होते. हे यंत्र आलं की आपली खुर्ची जाणार, ही तेव्हाच्या प्रत्येक कारकुनाची धास्ती. १९८३ साली संघटना आणि बँका यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि यंत्रं बेताबेतानं शिरली. अण्णा मोर्चात गेलेले. घोषणा देऊन बसलेला घसा घेऊन रात्री हळद-दूध पीत ते म्हणायचे, ''हे यंत्र माणसाला खाणार.'' पुढं यंत्र आलं ते काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात, आणि त्याला भेटायला चपला बाहेर काढून जावं लागे. अण्णा म्हणाले, ''खाईल असं वाटलं होतं. हे तर नैवेद्य मागतंय.''

त्याच अण्णांनी २००० साली, मी बी.कॉम. होण्याच्या बेतात असताना, घरी कॉम्प्युटर आणला. आईनं त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली. कुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी फ्लॉपीच्या फटीत जाऊन बसली. आणि आमच्या घरात 'त्याचा' प्रवेश झाला. तो म्हणजे राजारामपुरीतल्या एका गल्लीत टेबल टाकून बसलेला, विशी-बाविशीतला, खिशाला टेस्टर लावलेला एक पोरगा.

त्याची पहिली भेट मला पक्की आठवते. कॉम्प्युटर लांबलचक शिट्टी मारत होता आणि पडदा काळा. त्यानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि आईला म्हणाला, ''काकू, खोडरबर हाय काय घरात?'' शस्त्रक्रियेच्या ऐन वेळी सर्जननं लाटणं मागावं तसं आम्हांला झालं. त्यानं रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले, परत दाबून बसवली आणि यंत्र बोलू लागलं. ''काय न्हाई ओ काका, हवेनं काट चढतोय. आपलं भांडी घासल्यागत घासायचं.''

त्यानंच आम्हांला घरगुती औषधं शिकवली. माउस अडखळायला लागला, की पोटातली गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखानं खरवडायचा. वीज गेली तरी दोन मिनिटं तग धरील असा यूपीएस घ्यायचा. आणि तारीख चुकायला लागली, की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. तो सेल संपल्यामुळं एके सकाळी आमच्या यंत्रानं १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवली. तशी ही जात पहिल्यापासून १९८० पासूनच दिवस मोजते. म्हणजे माझा जन्म व्हायला अजून चार महिने होते. अण्णा खूश. ''बघा,'' म्हणाले, ''मला परत कामावर हजर व्हायला सांगतोय.''

पण काही दुखण्यांना ना स्क्रू ना खोडरबर. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. सज्जन इतके, की आत आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला. चोरानं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं तसं! १९९० च्या जूनमध्ये भारतात चक्क 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला. दर ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा म्हणे. केलं की मुकाट्यानं वाट सोडी. मायकेलॲन्जेलोच्या वाढदिवशी, म्हणजे ६ मार्चला उठणारा परदेशी व्हायरस डिस्कवरचं सगळं पुसून टाकी. १९९२ साली जगानं त्याची धास्ती घेतली होती. आपल्या जोशांना बिचाऱ्यांना नुसत्या शुभेच्छा हव्या होत्या.

यावर उतारा काढणारेही दोघे भाऊच निघाले, आणि तेही आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. थोरले कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीची उमेदवारी केली आणि १९९० साली १५,००० रुपये भांडवलावर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढं कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा बरेचसे व्हायरसनं आजारी असायचे. धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी औषधाचा प्रोग्रॅम लिहिला. १९९५ साली 'क्विक हील' बाजारात आलं आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. जेम्स वॅटची गोष्ट पुन्हा घडली म्हणायची. नादुरुस्त वस्तू समोर आली, आणि उघडून बघणाऱ्याला त्यातून नवी वस्तू सापडली.

आता उघडून बघण्याचेच दिवस कठीण आले आहेत. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली आणि बॅटरी चिकटवलेली असते. खोडरबर घेऊन जाणार कुठं? २०२२ साली केंद्र सरकारला 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमावी लागली. कोल्हापुरात हा हक्क जन्मसिद्ध समजत असत.

अण्णा आता नाहीत. निवृत्तीनंतर एका बोटानं टाइप करत त्यांनी आमचा कुळवृत्तान्त लिहिला होता, चांगला अडतीस पानांचा. नव्या कॉम्प्युटरवर मी ती फाइल उघडली, तर मराठीचं एक अक्षर दिसेना. नुसती टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि प्रश्नचिन्हं. जुन्या मराठी फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असत. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ सालीच मिळाल्या होत्या, पण त्या घरोघरी पोचेपर्यंत आपण हजारो पानं अशी मुखवट्यात लिहून ठेवली. यंत्र ठणठणीत होतं, फाइल शाबूत होती, आणि अण्णा मुके झाले होते.

मी राजारामपुरीत गेलो. त्या पोरग्याचे केस आता कानाजवळ पांढरे झालेत. त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत पंचवीस वर्षांच्या सीड्या, मार्करनं नावं घातलेल्या. ''टाकत न्हाई ओ मी काय. कुणाचं अडलं तर?'' दहा मिनिटांत फॉन्ट चढला आणि पडद्यावर अण्णा बोलायला लागले, त्यांच्या नेहमीच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. मग त्यानं सगळं युनिकोडमध्ये फिरवून दिलं. पैशाचं विचारलं तर म्हणाला, ''चहा सांगा की. काकांचं काम हाय.''

म्हणून मी एक केलं. कुळवृत्तान्ताच्या शेवटच्या पानावर, खापरपणजोबांपासून चालत आलेल्या नावांच्या खाली, एक ओळ वाढवली: 'दुरुस्ती' आणि पुढं त्याचं नाव. निदान आमच्या घरचा ताळेबंद तरी आता जुळला आहे. ते नाव इथं मात्र छापणार नाही. उद्या सगळे आपापल्या फायली घेऊन त्याच्या दारात उभे राहाल, आणि तोही प्रत्येकाला चहावरच सोडील.